यूपीएसची बॅटरी बदलताना

२०२३ च्या पावसाळ्यात एका माध्यमिक शाळेच्या संगणक कक्षात आम्ही विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमासाठी गेलो होतो. कार्यक्रमाच्या मध्येच वीज गेली आणि यूपीएसने एक शिट्टी वाजवून लगेच मान टाकली. मुख्याध्यापक ओशाळून म्हणाले, "बॅटरी नवीच आहे हो. आठ महिनेसुद्धा झाले नाहीत. दुकानदार म्हणतो, तुम्ही नीट वापरली नसणार." शाळेने एक बॅटरी विकत घेतली होती, ती गेली, आता दुसरी घ्यायची तर त्या वर्षीच्या प्रयोगसाहित्याच्या पैशांतून घ्यावी लागणार होती. आमच्या पिशवीत मल्टिमीटर होता. वीज परत आल्यावर यूपीएसचे झाकण काढले आणि मोजायला बसलो. तेथे काय सापडले ते थोड्या वेळाने सांगू. त्याआधी या काळ्या-करड्या ठोकळ्याच्या पोटात काय असते ते पाहायला हवे.

हा शिशाचा संचायक घट. फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी तो १८५९ मध्ये तयार केला. धन प्लेटवर शिशाचे डायऑक्साइड, ऋण प्लेटवर सच्छिद्र शिसे आणि दोन्हींच्या मध्ये सौम्य सल्फ्यूरिक आम्ल, ही मूळ रचना आजही तीच आहे. बॅटरी वापरली जाते तेव्हा दोन्ही प्लेटवर लेड सल्फेट तयार होते आणि आम्ल पातळ होत जाते. चार्ज करताना क्रिया उलटी चालते. एका घटाचे विभवांतर सुमारे दोन व्होल्ट. म्हणून सहा घट एकापुढे एक जोडले की बारा व्होल्ट.

मोटारीच्या जुन्या बॅटरीत अधूनमधून ऊर्ध्वपातित पाणी घालावे लागे, कारण चार्जिंगच्या शेवटी पाण्याचे अपघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन उडून जात. 'सीलबंद' बॅटरीत ही अडचण मोठ्या युक्तीने सोडवली आहे. आम्ल मोकळे न ठेवता काचेच्या अतिसूक्ष्म तंतूंच्या गादीत टिपकागदासारखे शोषून ठेवतात, आणि गादीची काही छिद्रे मुद्दाम कोरडी राहू देतात. धन प्लेटवर निघालेला ऑक्सिजन या छिद्रांतून ऋण प्लेटवर पोचतो आणि तेथे पुन्हा त्याचे पाणी होते. (दुसऱ्या एका प्रकारात आम्लाचा सिलिका घालून थुलथुलीत जेल करतात. आपल्याकडच्या छोट्या यूपीएसमध्ये मात्र बहुधा गादीवाल्याच बॅटऱ्या असतात.) 'सीलबंद' हा शब्द तसा अर्धसत्य आहे. प्रत्येक घटाच्या तोंडावर रबराची छोटी टोपी असते. आतला दाब वाढला की ती उघडते आणि वायू बाहेर सोडते. असा बाहेर गेलेला वायू म्हणजे कायमचे गमावलेले पाणी. ते परत घालायची सोय नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण या बॅटऱ्यांची अर्धी दुखणी त्या हरवलेल्या पाण्याची असतात.

आता बॅटरीवरचे आकडे. छोट्या यूपीएसमधील सर्वांत प्रचलित बॅटरीवर '१२ व्होल्ट, ७ एएच' असे छापलेले असते. एएच म्हणजे अँपिअर-तास. विद्यार्थी चटकन म्हणतात, सात अँपिअर धारा एक तास मिळेल. मिळत नाही. त्या सातच्या शेजारी बारीक अक्षरात '२० तास' असे लिहिलेले असते, आणि खरी गोम तेथे आहे. ७ भागिले २० म्हणजे ०.३५ अँपिअर. एवढी मंद धारा घेतली तर बॅटरी १०.५ व्होल्टपर्यंत उतरायला वीस तास लागतात, इतकेच ते आश्वासन आहे. सात अँपिअर घेऊ लागलो तर अर्ध्या-पाऊण तासातच खेळ आटोपतो.

असे का व्हावे? प्लेट स्पंजासारख्या सच्छिद्र असतात. धारा मंद असेल तर आतल्या छिद्रांतील आम्ल संपते तसे गादीतले आम्ल सावकाश झिरपून त्याची जागा घेते. धारा जोरात ओढली की झिरपायला वेळ मिळत नाही; प्लेटचा बाहेरचा थर सल्फेटने झाकला जातो आणि आतला भाग न वापरताच पडून राहतो. त्यात अंतर्गत रोधामुळे विभवांतरही घसरते. १८९७ मध्ये पॉइकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने यासाठी एक अनुभवसिद्ध सूत्र दिले. त्याचा सोपा अर्थ असा: धारा 'क्ष' पट केली तर वेळ 'क्ष' पटीने नव्हे, तर 'क्ष' चा सुमारे १.२ वा घात जेवढा येईल तितक्या पटीने कमी होतो. हा घातांक बॅटरीगणिक थोडा बदलतो.

अकरावीच्या मुलांकडून हे लॉगॅरिदमच्या कोष्टकाने करून घ्यावे. संगणक व पडदा मिळून १२० वॉट घेतात असे धरू. यूपीएसमध्ये बारा व्होल्टचे २३० व्होल्ट होताना काही ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून बॅटरीकडून सुमारे १५० वॉट, म्हणजे १२.५ अँपिअर घेतले जातात. साधा भागाकार सांगतो, तेहतीस-चौतीस मिनिटे. पण १२.५ ही ०.३५ च्या जवळजवळ ३६ पट आहे. ३६ चा १.२ वा घात सुमारे ७४ येतो. वीस तास भागिले ७४ म्हणजे सोळा मिनिटे. प्रत्यक्षातही चांगल्या नव्या बॅटरीवर पंधरा मिनिटांच्या आसपासच वेळ मिळतो. त्याच यूपीएसवर तीन संगणक लावले तर तीन-चार मिनिटे. 'सात एएच घेतली, तरी तास कसा निघत नाही?' अशी तक्रार घेऊन दुकानात जाण्यापूर्वी हे गणित करून पाहावे.

यूपीएसची बॅटरी वर्षातले बहुतेक दिवस नुसती चार्जरला टेकून बसलेली असते. अशा बॅटरीला २५ अंश सेल्सिअसला १३.५ ते १३.८ व्होल्टवर धरून ठेवतात. परिपाठाच्या ध्वनिवर्धकाची बॅटरी मात्र रोज उतरते, रोज चढते; तिला चार्ज करताना १४.४ व्होल्ट किंवा थोडे अधिक द्यावे लागतात आणि भरली की ते थांबवावे लागतात. बॅटरीच्या अंगावर ही दोन्ही विभवांतरे वेगवेगळी छापलेली असतात. रोज पूर्ण उतरवली तर अशी बॅटरी दोन-अडीचशे फेऱ्यांत थकते. एक तृतीयांशच वापरून पुन्हा भरली तर हजारच्या घरात फेऱ्या देते. म्हणून ध्वनिवर्धकाची आणि सहा व्होल्टच्या आणीबाणीच्या दिव्याची बॅटरी वापरानंतर त्याच दिवशी चार्जिंगला लावावी. उतरलेल्या अवस्थेत उन्हाळ्याच्या सुट्टीभर कपाटात ठेवली तर लेड सल्फेटचे बारीक कण मोठ्या, कठीण स्फटिकांत बदलतात आणि जूनमध्ये ती चार्ज होत नाही. शाळांमधील आणीबाणीचे दिवे बहुधा असेच मरतात, वापराने नव्हे.

दुसरा शत्रू उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते. २५ अंशांना पाच वर्षे टिकेल अशी बॅटरी विदर्भ-मराठवाड्यातील पत्र्याच्या खोलीत, कोपऱ्यात, भिंतीला चिकटवलेल्या यूपीएसमध्ये दोन वर्षे टिकली तर तिला दोष देऊ नये. यूपीएसच्या मागच्या जाळीतून हवा खेळू द्यावी. जाळीवर वह्यांचे गठ्ठे रचलेले आम्ही कितीतरी ठिकाणी पाहिले आहेत.

आता त्या शाळेकडे वळू. तेथील यूपीएस चोवीस व्होल्टचा होता, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत. त्यांतली एक मेली तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याने पैसे वाचवण्याच्या सद्‌हेतूने तेवढीच बदलली. दुसरी 'ठीक आहे' म्हणून ठेवली. आम्ही चार्जिंग चालू असताना मोजले. दोन्ही मिळून २७.२ व्होल्ट, अगदी बरोबर. वेगवेगळे मोजले तर जुन्या बॅटरीवर ११.५ आणि नव्या बॅटरीवर १५.७! जुन्या बॅटरीतील सहापैकी एक घट आतून शॉर्ट झाला होता. चार्जर बिचारा फक्त बेरीज पाहतो. जुनीने कमी घेतलेले दोन व्होल्ट त्याने नकळत नव्या बॅटरीच्या माथी मारले. महिनोन्‌महिने जादा चार्ज होऊन तिचे पाणी टोप्यांतून निघून गेले होते. हाताला ती गरम लागत होती आणि तिच्या बाजू फुगल्या होत्या. दुकानदार खोटे बोलत नव्हता आणि शाळाही नाही. एकसरीतल्या बॅटऱ्या नेहमी सर्वच्या सर्व, एका वेळी, एकाच मेकच्या, एकाच क्षमतेच्या आणि जवळपास एकाच तारखेच्या बदलाव्यात. एकसरी जोडणीचा धडा शिकवताना हे उदाहरण फळ्यावरच्या दिव्यांपेक्षा अधिक लक्षात राहील असे वाटते.

खरेदीला जाताना जुनी बॅटरी बरोबर न्यावी. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, त्यात तडजोड नाही. मापही तेच हवे. ७ एएचच्या नेहमीच्या ठोकळ्याची लांबी १५१, रुंदी ६५ आणि उंची ९४ मिलिमीटर असते. त्याच मापात कोणी ७.२ किंवा ९ एएच छापतो. ९ एएचची चांगली बॅटरी खरोखर असते आणि ती चालते, पण तिचे वजन ७ वालीपेक्षा जास्त असायला हवे. शिशाशिवाय क्षमता येत नाही, म्हणून दुकानातील तराजू हे उत्तम परीक्षायंत्र आहे. टर्मिनलच्या पत्तीची रुंदी पाहावी, ती ४.७५ किंवा ६.३५ मिलिमीटर असते, आणि रुंद क्लिप अरुंद पत्तीवर ढिली बसली तर तेथेच ठिणग्या उडून प्लॅस्टिक वितळते. निर्मितीची तारीख विचारावी. पडून राहिलेली बॅटरीही महिन्याला सुमारे तीन टक्के आपोआप उतरते, उन्हाळ्यात अधिक. दुकानातच मल्टिमीटर लावावा. काहीही न जोडता १२.६ व्होल्टपेक्षा कमी दिसले तर दुसरी मागावी.

'त्याऐवजी मोटारीची मोठी बॅटरी लावली तर?' हा प्रश्न हमखास येतो. लावू नये. छोट्या यूपीएसचा चार्जर एवढी मोठी बॅटरी भरायला फार वेळ घेईल, आणि काही मिनिटेच चालण्यासाठी बनवलेले आतले भाग तासभर चालून तापतील. शिवाय मोटारीची बॅटरी क्षणभर मोठी धारा देण्यासाठी पातळ प्लेटची केलेली असते; खोलवर उतरवणे तिला सोसत नाही. लिथियम-आयर्न-फॉस्फेटच्या बॅटऱ्या आता मिळतात, त्या हलक्या आणि दीर्घायुषी असतात. पण यूपीएस बनवणाऱ्याने चालेल असे सांगितले असेल तरच घ्याव्यात, कारण त्यांची चार्जिंगची रीत निराळी आहे.

बॅटरी चांगली की थकलेली हे मुलांना स्वतः तपासता येईल. मोटारीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा दिवा, पाच अँपिअरचा फ्यूज आणि मल्टिमीटर एवढे पुरे. पूर्ण चार्ज केलेल्या ७ एएच बॅटरीला फ्यूजमधून दिवा जोडा आणि दर दहा मिनिटांनी व्होल्ट नोंदवा. दिवा सुमारे १.७५ अँपिअर घेतो. १०.५ व्होल्टला प्रयोग थांबवून लगेच बॅटरी चार्जिंगला लावा. नव्या बॅटरीला पावणेतीन-तीन तास लागतील. वरच्या सूत्रातूनही तेवढेच येते. दीड तासात आटोपले तर बदलायची वेळ झाली. आलेख काढला तर बराच वेळ जवळजवळ सपाट आणि शेवटी एकदम कोसळणारा दिसेल. टर्मिनलवर पाना, अंगठी, बांगडी पडणार नाही याची काळजी शिक्षकांनी घ्यावी. एवढीशी बॅटरीसुद्धा क्षणभर शंभराहून अधिक अँपिअर सोडते.

मेलेली बॅटरी प्रयोगशाळेत 'आत काय आहे' दाखवण्यासाठी मात्र फोडू नये. तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक शिसे असते, आणि शिशाची धूळ मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या एका वस्तीत लोक जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे गाळत. २००७-०८ च्या काही महिन्यांत तेथे अठरा बालके दगावली. भारतात २००१ पासून जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम आहेत, आणि २०२२ च्या नव्या नियमांनी उत्पादकावर ती जबाबदारी टाकली आहे. रस्त्यावरचा भंगारवाला चार पैसे जास्त देत असेल, पण तो ती कोठे आणि कशी फोडणार हे आपल्याला दिसत नाही.

त्या शाळेने दोन्ही बॅटऱ्या दुकानात परत केल्या. वजनावर त्यांचे जे पैसे वळते झाले ते फार नव्हते, पण नव्या जोडीच्या बिलातून तेवढे कमी झाले. नवी जोडी बसवल्यावर नववीच्या दोन मुलींनी यूपीएसच्या अंगावर कागद चिकटवला: बसवल्याची तारीख आणि त्याखाली दर तीन महिन्यांनी चार्जिंग चालू असताना प्रत्येक बॅटरीवरचे व्होल्ट लिहायला मोकळे रकाने. पहिल्या रकान्यात १३.६ आणि १३.६ असे आकडे पडले.