अंग कोणते आणि प्रधान कोणते?

मागच्या व्याख्यानानंतर अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, वेबसाठी सी भाषेतली एक लायब्ररी वापरतोय. पण एचटीएमएलसाठी वेगळं मॉड्यूल जोडायचं, जेसनसाठी वेगळं. सगळं एकत्रच का देत नाहीत?" हा प्रश्न माझ्यासारख्या तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला का विचारला, असं तुम्हाला वाटेल. पण बरं का, प्रश्न आमच्याच गल्लीतला आहे.

लायब्ररी म्हणजे इथे ग्रंथालय नव्हे. पुन्हा पुन्हा लागणारं काम कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं, ते आपण आपल्या प्रोग्रॅमला जोडतो. तो मुलगा जी वापरत होता तिचं नाव केसीजीआय. तिचं मुख्य काम एकच, ब्राउझरकडून आलेली विनंती वाचणं. आता फॉर्म भरणारा माणूस अनोळखी. त्याने काय लिहून पाठवलं असेल, कोण सांगणार? म्हणून ही लायब्ररी तो मजकूर एका वेगळ्या प्रक्रियेत वाचते. त्या प्रक्रियेचे अधिकार जवळजवळ सगळे काढून घेतलेले असतात. तिथे गडबड झालीच तर ती तिथेच अडावी, हा हेतू. वाचून झालेल्या नोंदी मग मुख्य प्रोग्रॅमच्या हाती येतात.

हे झालं आत येणाऱ्या मजकुराचं. बाहेर जाणाऱ्याचं काय? इथे ऐच्छिक मॉड्यूल येतात. एचटीएमएल, एक्सएमएल आणि जेसन यांसाठी तीन स्वतंत्र लायब्रऱ्या आहेत. ज्याला जी लागेल त्याने ती जोडावी.

वेगळ्या का, ते उदाहरणाने पाहू. समजा, कुणी फॉर्ममध्ये नाव लिहिलं रामराव आणि पुढे अवतरणचिन्हांत "बापू". हा मजकूर वेबपानाच्या परिच्छेदात गेला तर काही बिघडत नाही. जेसनमध्ये मात्र अवतरणचिन्ह म्हणजे मजकुराची सीमा. ते तसंच सोडलं तर पुढची सगळी नोंद मोडते. उलट, कुणी त्रिकोणी कंसात स्क्रिप्टची आज्ञा लिहिली, तर जेसनच्या दृष्टीने ती साधी अक्षरं. पण तीच वेबपानात गेली तर वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालू लागते! म्हणजे धोका मजकुरात नसतो, मजकूर कुठे जाणार यात असतो. मग त्याचा बंदोबस्तही जागेनुसारच वेगळा हवा.

आपल्याकडे पूर्वमीमांसेने हा विचार यज्ञाच्या संदर्भात केला आहे. कर्मात प्रधान काय आणि अंग काय? जैमिनींचं उत्तर असं, की जे दुसऱ्यासाठी असतं ते अंग. अंगाला स्वतःचं प्रयोजन नाही, प्रधानाला उपयोगी पडणं हेच त्याचं प्रयोजन. सोपं सांगायचं तर पेरणीयंत्र ट्रॅक्टरला जोडायचं ते पेरणीपुरतं. वावरात नेताना ट्रॉली, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र सगळंच कुणी एकदम जोडत नाही.

पण ज्याला प्रधानच उरलेलं नाही असं अंग तसंच जोडलेलं राहिलं तर? त्याची किंमत जगाने मोजली आहे. ओपनएसएसएल ही सीमध्येच लिहिलेली लायब्ररी, वेबवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणारी. मार्च २०१२ मध्ये आलेल्या १.०.१ आवृत्तीत 'हार्टबीट' नावाची सोय आली. समोरचा जागा आहे ना, हे विचारायची. नेहमीच्या वेबसाइटना तिची फारशी गरज नव्हती. ती वगळण्याची व्यवस्था होती, पण मुळात ती चालूच ठेवलेली! त्यात एक चूक राहिली. समजा, तुम्ही 'वाशिम' हा शब्द पाठवला. यूटीएफ-८ मध्ये तो १५ बाइटचा. पण सोबत सांगितलंत, "हा ६० हजार बाइटचा आहे, परत पाठव." सर्व्हर मोजून न पाहता, त्या शब्दामागे स्मृतीत जे काही पडलं असेल ते परत द्यायचा. त्यात पासवर्ड असू शकत होते, गुप्त किल्ल्याही. एप्रिल २०१४ मध्ये ही चूक जाहीर झाली, 'हार्टब्लीड' या नावाने.

ऐच्छिक हा शब्द कागदावर असून भागत नाही. जो मागेल त्यालाच मिळेल, ते खरं ऐच्छिक. जे न मागता मिळतं आणि नको असेल तर शोधून बंद करावं लागतं, त्याला मी ऐच्छिक म्हणणार नाही.

याचा अर्थ मॉड्यूल टाळत सुटावं असा नाही. वेबपान तयार करायचं आणि "मी हातानेच लिहितो" म्हणायचं, हाही हट्टच. त्रिकोणी कंस एखाद्या ठिकाणी विसरणारच. गरज असताना अंग सोडलं तर प्रधान कर्मात वैगुण्य येतं, हेही मीमांसकच सांगतात.

त्या विद्यार्थ्याला मी विचारलं, "बाबा रे, तुझा प्रोग्रॅम करतो काय?" म्हणाला, "गावातल्या शेतकरी गटाच्या सोयाबीनच्या नोंदी ठेवतो आणि मोबाइलवरच्या ॲपला जेसनमध्ये देतो."

"वेबपान दाखवतो का?"

"नाही सर."

"मग एचटीएमएलचं मॉड्यूल कशाला हवंय?"

पोरगा हसला. त्याचं उत्तर त्याला मिळालं होतं.