दिवा साक्ष देतो, निकाल देत नाहीं

ताप आलेलें मूल दवाखान्यांत नेलें, तर शहाणा डॉक्टर प्रथम औषधाची बाटली काढीत नाहीं. ताप केव्हां चढतो, केव्हां उतरतो, हें तो आधीं विचारतो. यंत्रांच्या दुखण्यासही हाच न्याय लागू आहे. आणि हा धडा आम्हांस एका जुन्या डिझेल जीपगाडीनें दिला.

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील ही गाडी नांदेड व लातूर यांच्या दरम्यान भाड्यानें चालवितात. चारही चाकांना जोर पोहोंचत असल्यामुळें ती चिखलांतून व आडवाटेनेंही निभावून जाते. लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गानें उतारू नेणें आणि प्रसंगीं रात्रीं-अपरात्रीं खेड्यांतील रोगी लातुरास पोहोंचविणें, यावर त्यांचा प्रपंच चालतो. गेल्या पावसाळ्यांत गाडीस एक विचित्र व्याधि जडली. चढण लागली कीं समोरचा पिवळा दिवा पेटे, इंजिनाचा जोर जाई आणि गाडी मुंगीच्या पावलांनीं चालूं लागे. चावी बंद करून पुन्हां लावली कीं सर्व कांहीं पूर्ववत्! एके रात्रीं प्रसूतीच्या वेदनांनीं व्याकुळ झालेली एक बाई आंत असतां गाडी अशीच चढावर अडली. मागून आलेल्या एका ट्रकवाल्यानें त्या माउलीस वेळेवर पोहोंचविलें म्हणून बरें. परंतु त्या दिवसापासून मालकानें रोगी घेणेंच सोडलें.

दोष कळण्यासाठीं प्रथम इंजिनाचें काम समजून घेऊं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें १८९७ सालीं आपलें इंजिन यशस्वी करून दाखविलें. त्यांत ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात कीं ती अतिशय तापते, आणि तींत तेलाचा फवारा पडतांच तो पेट घेतो. हा फवारा किती व केव्हां सोडावयाचा, हें पूर्वीं पंपांतील वजनें व स्प्रिंगा ठरवीत. १९९७ च्या सुमारास मोटारगाड्यांत नवी पद्धति आली. तींत पंप एका जाड नळींत तेल कोंडून ठेवतो. तेथील दाब हजार वातावरणांहूनही वर जातो. टायरमधील दाब अवघा दोन-अडीच वातावरणें असतो, हें येथें ध्यानांत घ्यावें. नळीवर बसविलेला सेन्सर या दाबाची बातमी विजेच्या रूपानें एका पेटीस कळवितो. मिस्त्री जिला ‘ईसीएम’ म्हणतात ती हीच पेटी. ती त्या बातमीवरून फवाऱ्याचा हिशेब करते. बातमी विपरीत वाटली, कीं ती दिवा लावते आणि इंजिनास अपाय होऊं नये म्हणून त्याचा जोर मुद्दाम कमी करते.

नांदेडच्या एका गॅरेजांत स्कॅनर लावतांच ‘पी ०१९२’ हा कोड निघाला. त्याचा अर्थ इतकाच कीं सेन्सरकडून येणारें व्होल्टेज मर्यादेपेक्षां कमी आहे. प्रथम डिझेल फिल्टर बदलला. गाडी पंधरा दिवस सुरळीत चालली व पुन्हां अडली. मग सेन्सर बदलला. पुन्हां पंधरा दिवस! आतां पंपच बदलावा, असा विचार निघाला, आणि त्यासाठीं मालक मुलाच्या फीकरितां राखून ठेवलेले पैसे खर्चावयास निघाले. सल्ला विचारावयास ते आमच्याकडे आले, आणि येथें आमचेंच चुकलें. कोड वाचतां येतो या घमेंडींत, ‘सेन्सर हलक्या प्रतीचा घातला असेल’ असें आम्हीं गॅरेजांतील तरुण मिस्त्रीस चारचौघांत सुनावलें. तो शांतपणें म्हणाला, “गुरुजी, कोड तुम्हीं वाचला, मींही वाचला. पण गाडी कुठं अन् केव्हां अडते, हें आपण दोघांनींही विचारलं नाहीं.”

मग मालकास शेजारीं बसवून त्यानें गाडी चढणीवर नेली व स्कॅनरवरील आकडे पाहिले. तीन गोष्टी ध्यानांत आल्या. पहिली, सपाट रस्त्यावर दोष कधींच येत नव्हता. तो चढावर किंवा खड्ड्यांत येई. दुसरी, दाबाचा आकडा एका क्षणांत शून्यावर येई. फिल्टर तुंबला असता तर तो हळूहळू उतरला असता. शिवाय दाब खरोखरच शून्य झाला असता, तर इंजिन तत्काळ बंद पडलें असतें. तें तर रडतखडत कां होईना, चालत होतें. म्हणजे दाब जागेवर होता, बातमीच खोटी येत होती. तिसरी, दुरुस्तीनंतर जो आराम पडे तो नव्या भागामुळें नव्हता. भाग बदलतांना हात लागून तारांची जुडी थोडी सरकत असे, त्याचा तो परिणाम होता.

परत आल्यावर त्यानें इंजिन बंद ठेवून केवळ चावी फिरविली आणि सेन्सरच्या तारेस मल्टिमीटर जोडला. दाब नसतांही निरोगी सेन्सर सुमारें अर्धा व्होल्ट दाखवितो, आणि तेवढा तो दाखवीत होता. मिस्त्री तारांची जुडी इंचाइंचानें दाबीत गेला. इंजिनाच्या मागील बाजूस, एका लोखंडी पट्टीजवळ हात पडतांच आकडा एकदम शून्य झाला! काळी टेप उलगडून पाहतों, तों तारेचें कवच घांसून आंतील तांबें उघडें पडलेलें. चढावर जोर पडला कीं इंजिन आपल्या रबरी बैठकांवर किंचित् कलतें. त्या वेळीं तें तांबें पट्टीस टेकून बातमीची वीज लोखंडांत उतरून जाई. तार सांधली, तीवर नळी चढविली, जुडी पट्टीपासून दूर बांधली. खर्च दोनशें रुपयांच्या आंत! त्यास आतां सहा महिने होत आले. दिवा पुन्हां लागलेला नाहीं, आणि रोग्यांच्या फेऱ्याही सुरू झाल्या आहेत.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. इंजिन चालू असतां त्या जाड नळीचा कोणताही सांधा सैल करूं नये. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून शरीरांत शिरते. जखम टांचणीच्या टोकाएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालय गांठावें लागतें.

असो. दिवा व कोड हे साक्षीदार आहेत; त्यांची उलटतपासणी केल्यावांचून निकाल देऊं नये. आम्हीं तो दिला, म्हणून त्या मिस्त्रीची त्याच गॅरेजांत, चारचौघांदेखत क्षमा मागितली. पालकांसही आमची एक विनंति आहे. मुलाच्या प्रगतिपुस्तकांत लाल रेघ दिसली, तर त्यास बोल लावण्यापूर्वीं तो कोठें व केव्हां अडतो, हें एकदां शेजारीं बसून पाहावें.