शेगडी लाल, वायर गार!

दोस्तांनो, विजेची शेगडी पाहिलीय ना? तीच, चिनी मातीच्या खाचांमध्ये स्प्रिंगसारखी तार बसवलेली. बटण दाबलं की ती तार आधी नुसती तापते, मग तांबूस दिसायला लागते आणि बघता बघता लालभडक होते. आता प्लगपासून शेगडीपर्यंत आलेल्या वायरकडे बघा. ती जवळजवळ गारच! असं का बरं? वीज तर आधी वायरमधून जाते आणि मगच स्प्रिंगमध्ये पोचते.

तुम्हाला वाटेल, स्प्रिंगमधून जास्त वीज जात असेल. अजिबात नाही. वायरमधून सेकंदाला जेवढे इलेक्ट्रॉन सरकतात, मोजून तेवढेच स्प्रिंगमधून सरकतात. वाटेत ते कुठे साठत नाहीत, गळतही नाहीत. शेगडी १००० वॅटची असेल, तर दोन्हीकडे विद्युतधारा साधारण ४.३ अँपिअर. आणि एक अँपिअर म्हणजे किती, माहितेय? एका सेकंदात ६२ वर १७ शून्यं एवढे इलेक्ट्रॉन! लिहून बघा, वहीची ओळ भरेल.

मग फरक कुठे पडला? जत्रेतली गर्दी आठवा. रुंद रस्त्यावरून लोक मजेत चाललेत आणि पुढे लागतो अरुंद बोळ. मिनिटाला जितकी माणसं रस्त्यावरून पुढे सरकतात तितकीच बोळातूनही सरकतात, पण बोळात केवढी धक्काबुक्की! मिनिटाला किती माणसं गेली, ती झाली विद्युतधारा. मागून येणारा रेटा म्हणजे व्होल्टेज. आणि बोळाची अडचण म्हणजे रोध.

आपल्या घरातल्या विजेचा रेटा २३० व्होल्टचा असतो. टॉर्चमधल्या एका सेलचा फक्त दीड व्होल्टचा. रेट्याला रोधाने भागलं की धारा मिळते. शेगडीच्या स्प्रिंगचा रोध साधारण ५३ ओहम असतो. २३० भागिले ५३ करा बरं. आले की नाही आपले ४.३ अँपिअर?

आता खरी गंमत. वायर दीड मीटर लांब आणि तिच्यातल्या तांब्याच्या तारेचा छेद एक चौरस मिलिमीटर धरला, तर जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारांचा मिळून रोध भरतो फक्त ०.०५ ओहम. म्हणजे स्प्रिंगचा रोध त्याच्या सुमारे हजारपट! धारा सारखीच असेल, तर जिथे रोध हजारपट तिथे उष्णताही हजारपट. स्प्रिंगमध्ये १००० वॅट, तर अख्ख्या वायरमध्ये मिळून जेमतेम एक वॅट. वायर गार राहणारच!

ही स्प्रिंग नायक्रोम नावाच्या मिश्रधातूची असते. निकेल आणि क्रोमियम एकत्र वितळवून तो बनवतात. दोन वेगळ्या धातूंचे अणू त्यात वेडेवाकडे मिसळलेले असतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनना सरळ वाट मिळतच नाही. तेवढ्याच लांबीजाडीच्या तांब्याच्या तारेपेक्षा नायक्रोमचा रोध साठपटीहून जास्त असतो. शिवाय तापल्यावर नायक्रोमवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि हवेतल्या ऑक्सिजनला आत येऊ देत नाही. म्हणून ती बिचारी रोज लाल होऊनही वर्षानुवर्षं टिकते. मला तर हा धातू फार आवडतो.

आणि ऐका, घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. त्यामुळे तारेतले इलेक्ट्रॉन केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरात जागच्या जागी हलत राहतात. वीजकेंद्रातून निघालेला इलेक्ट्रॉन तुमच्या शेगडीत कधी येतच नाही!

रेटा, धारा आणि रोध यांचं हे नातं शोधलं जर्मनीतल्या गेओर्ग ओहम यांनी. त्यांचे वडील कुलुपं बनवायचे, पण मुलांना गणित त्यांनी स्वतः शिकवलं. ओहम कोलोन शहरातल्या शाळेत शिकवायचे आणि उपकरणं स्वतःच तयार करायचे. तेव्हाच्या बॅटऱ्यांचा जोर सारखा कमीजास्त व्हायचा. मग त्यांनी तांबं आणि बिस्मथ हे दोन धातू जोडले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात! तापमानातल्या फरकामुळे अगदी स्थिर वीज मिळाली. मग कमीजास्त लांबीच्या तारा जोडून त्यांतल्या धारेमुळे चुंबकसूची किती वळते ते त्यांनी नेटाने मोजलं. १८२७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, पण त्यांच्याच देशात अनेकांनी ते मनावर घेतलं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्यांना कोप्ली पदक दिलं. आज रोध मोजायचं एकक त्यांच्याच नावाचं आहे.

आता घरी एक गोष्ट पाहा. शेगडी, इस्त्री किंवा गीझरचा प्लग काळा पडलाय का? त्यातून जळका वास येतोय का? सॉकेटमध्ये प्लग सैल बसला की पत्र्याला पत्रा नीट टेकत नाही. नेमक्या त्याच जागी रोध वाढतो आणि वायर गार असली तरी प्लग तापतो. तेव्हा स्वतः हात लावू नका. आईबाबांना लगेच मेन स्विच बंद करायला सांगा आणि वायरमनकडून तो प्लग किंवा सॉकेट बदलून घ्यायला लावा.