रस्त्यात सांडलेली पाचशे सामायिके

वर्ध्याच्या बाजारपेठेतील आपली जुनी घरे आठवून पाहा. खाली दुकान, वर राहते घर. आजोबा सकाळी जिना उतरले की गादीवर पोहोचत आणि सूर्यास्तापूर्वी तोच जिना चढून पाटावर बसत. चौविहार पाळणे त्यांना अवघड गेले नाही, याचे थोडे श्रेय त्या जिन्यालाही द्यावे लागेल.

आपली मुले शिकून पुण्यास गेली, तेव्हा हा जिना मागे राहिला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि तो अनपेक्षितपणे परत मिळाला. हिंजवडीत अभियंता असलेली माझी पुतणी तेव्हा वर्ध्यास आली आणि वरच्या खोलीत संगणक मांडून काम करू लागली. जवळजवळ दोन वर्षे आजीसमवेत तिचे दिवसाउजेडी जेवण झाले.

पुढे चित्र पालटले. ऑक्टोबर २०२३ पासून टीसीएसने आठवड्याचे पाचही दिवस उपस्थिती अपेक्षिली. इतर कंपन्यांनीही कमीअधिक प्रमाणात तोच मार्ग धरला. पुतणीलाही बोलावणे आले. दूरध्वनीवर ती म्हणाली, "काका, पच्चक्खाण घ्यावंसं वाटतं, पण सूर्यास्ताला मी कोणत्या चौकात अडकलेली असेन, हेच ठाऊक नसतं."

बँकेतील सवयीने मी हिशेब मांडला. टॉमटॉम या संस्थेच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकानुसार पुण्यात १० किलोमीटर जाण्यास सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद लागतात. जगातील शहरांत पुण्याचा क्रमांक चौथा होता. घर ते कार्यालय १५ किलोमीटर धरले तर एका वेळेस ५० मिनिटे, जाऊन-येऊन १००, पाच दिवसांची ५००. म्हणजे आठवड्यात एक संपूर्ण कामाचा दिवस बिनपगारी रस्त्यावर जातो. वर्षाचे ४८ आठवडे मोजल्यास २४,००० मिनिटे होतात. एक सामायिक ४८ मिनिटांचे. पाचशे सामायिके धुरात सांडली! सकाळ-सायंकाळच्या गर्दीत तर याहूनही अधिक.

कंपन्यांचीही बाजू आहे. आपल्या दुकानातील नवा मुलगा मुनीमजींच्या शेजारी बसूनच खतावणी शिकला. नवशिक्या अभियंत्यालाही अनुभवी माणसाचा सहवास हवाच. कार्यालयात जाण्यात दोष नाही. सर्वांनी एकाच तासाला, एकेका मोटारीत एकट्याने निघण्यात आहे. हिंजवडीत शिरण्याचे मार्ग मोजके आणि कचेऱ्या भरण्या-सुटण्याच्या वेळा जवळपास सारख्या. मग कोंडी अटळच. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या २३ स्थानकांच्या मेट्रोमार्गाचे मोल मोठे आहे; परंतु मोटार घरी ठेवण्याची तयारी नसेल तर तीही पुरी पडणार नाही.

आपल्या तीन गुणव्रतांत अनर्थदंडविरती सांगितली आहे. प्रयोजन नसताना घडणारी हिंसा टाळणे, हा तिचा अर्थ. जागच्या जागी धूर ओकणाऱ्या इंजिनाइतके निष्प्रयोजन दुसरे काय असेल?

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट, मुलांसाठी पुण्यात सदनिका घेताना चटईक्षेत्र आणि दर विचारण्याआधी कार्यालयाचे अंतर विचारावे. दोन लाख वाचवून दहा किलोमीटर लांब घर घेणे हा तोट्याचा सौदा आहे. दुसरी, मुलांना वेळ बदलून मागण्याचे धैर्य द्यावे. पुतणीने अखेर सकाळी साडेसात ते दुपारी साडेचार ही वेळ मागितली. वरिष्ठांनी आठवड्यातील तीन दिवसांपुरती ती मान्य केली. त्या तीन दिवशी ती उजेडात घरी पोहोचते. उरलेल्या दोन दिवशी डबा जवळ ठेवून पाच वाजता जेवून घेते.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या पेढीची. आपणही मालक आहोत. वर्ध्याहून नागपूरला रोज रेल्वेने अपडाऊन करणारे अनेक जण आपल्यासारख्याच व्यापाऱ्यांकडे हिशेब लिहितात. विवरणपत्रे भरण्याचे काम आठवड्यातून एक-दोन दिवस घरून होऊ शकत नाही काय? त्यांना अर्धा तास आधी सोडल्याने गल्ल्यात किती फरक पडेल?

मोठ्या कंपन्यांकडून ज्या सवलतीची अपेक्षा आपण मुलांसाठी करतो, ती आपल्या मुनीमजींना आपण दिली आहे का, हे या पर्युषणात प्रत्येकाने स्वतःस विचारावे. क्षमापनेच्या दिवशी त्यांना हात जोडण्यापूर्वी हे उत्तर तयार असावे.

जय जिनेंद्र.