टर्मिनलची रुंदी 80 की 132? आणि एडिटरला ते कळतं कसं?

फोन उभ्याचा आडवा केला की स्क्रीनवरचं सगळं आपोआप नीट बसतं. रुंदी बदलली हे अँड्रॉइड चालू ॲपला कळवतं, आपल्याला काही करावं लागत नाही. जुन्या कॉम्प्युटर टर्मिनलवर मात्र हे कळवायला कुणीच नव्हतं. रुंदी तुम्हीच बदलायची आणि सगळ्यांना सांगायचंही तुम्हीच. मी एकदा हे तपासायला विसरलो आणि एका कारखान्यातली पॅकिंग लाइन अर्धा तास बंद राहिली. ती गोष्ट पुढे सांगतो, आधी टर्मिनल म्हणजे काय ते बघू.

टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. खरा कॉम्प्युटर दुसरीकडे, मध्ये एक सिरियल केबल. यातलं सगळ्यात गाजलेलं मॉडेल म्हणजे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक कंपनीचं 1978 सालचं व्हीटी 100. त्यावर नेहमी 80 अक्षरांच्या 24 ओळी दिसायच्या. हा 80 आकडा आला आयबीएमच्या 1928 सालच्या पंच कार्डवरून, त्यात 80 रकाने होते. पण व्हीटी 100 वर दुसरी सोयसुद्धा होती, 132 अक्षरांची रुंद ओळ. हा आकडा लाइन प्रिंटरचा. मोठे प्रिंटर एका ओळीत 132 अक्षरं छापायचे, तो रिपोर्ट पडद्यावर न मोडता दिसावा म्हणून ही सोय.

आता गंमत बघा. मूळ व्हीटी 100 वर 132 ची रुंदी घेतली की ओळी 24 च्या फक्त 14 व्हायच्या. कारण मेमरी! 80 गुणिले 24 म्हणजे 1920 अक्षरं. 132 गुणिले 14 म्हणजे 1848. आहे तेवढ्या जागेत एवढंच मावायचं. 24 ओळी रुंद हव्या असतील तर 3168 अक्षरं साठवावी लागणार, त्यासाठी ॲडव्हान्स्ड व्हिडिओ ऑप्शन नावाचं वेगळं कार्ड घालावं लागायचं. आपण आज एका फॉरवर्डच्या फोटोला काही एमबी उडवतो, तिथे हे असं मोजून मापून.

रुंदी बदलायची कशी? दोन रस्ते. व्हीटी 100 च्या कीबोर्डवर सेट-अप नावाची की होती. ती दाबून 9 दाबला की 80 चे 132 आणि पुन्हा दाबला की 132 चे 80. दुसरा रस्ता म्हणजे कॉम्प्युटरनेच टर्मिनलला गुप्त खूण पाठवायची: एस्केप, मग चौकटी कंस, प्रश्नचिन्ह, 3 आणि शेवटी इंग्रजीतला लहान एच. शेवटी एचऐवजी लहान एल दिला की परत 80. दोन्ही वेळा पडदा पुसला जायचा.

इथपर्यंत सोपं आहे. घोळ यापुढे होतो, कारण रुंदी हा एक आकडा नाही, तीन ठिकाणी ठेवलेले तीन आकडे आहेत. एक टर्मिनलकडे, एक ऑपरेटिंग सिस्टिमकडे आणि एक एडिटरच्या डोक्यात. तिघांचं एकमत असेल तोवर ठीक.

आता माझी गोष्ट. नोकरीचं दुसरं वर्ष. कारखान्यात एक युनिक्सची मशीन आणि तिला केबलने जोडलेलं, व्हीटी 100 च्याच खानदानातलं जुनं टर्मिनल. लॉगच्या ओळी लांब, म्हणून कुणीतरी लॉगिन फाइलमध्ये कायमची रुंदी 132 लिहून ठेवली होती. आदल्या रात्री लाइट गेली आणि टर्मिनल परत चालू झालं ते 80 वर, कारण त्याच्या सेट-अपमध्ये 132 कुणी सेव्हच केलं नव्हतं. मला हे माहीत नव्हतं. मी व्हीआय एडिटरमध्ये सेटिंगची फाइल उघडली. व्हीआय 110 अक्षरांची ओळ पाठवून समजायचा की ही एका रांगेत बसली. टर्मिनल मात्र 80 अक्षरं वर आणि उरलेली 30 खालच्या रांगेत ढकलायचं. तिथून पुढे पडद्यावरची रांग आणि व्हीआयची रांग यांचा ताळमेळच नाही. पडदा गिचमिड दिसत होता, मला वाटलं केबल सैल असेल. नको असलेल्या ओळीवर कर्सर नेला, दोनदा डी दाबला, सेव्ह करून बाहेर आलो. उडाली होती दुसरीच ओळ, वजनकाट्याशी बोलायचा वेग लिहिलेली. काट्यावरचं वजन येणं बंद, पॅकिंग बंद.

बॅकअप मी घेतला नव्हता. वाचवलं तिथल्या एका वयस्कर ऑपरेटर काकांनी. त्यांनी कपाटातून फाइल काढली, त्यात कंटिन्युअस पेपरवर सगळी सेटिंग छापलेली. "सर, यात आहे का बघा तुमची ओळ." होती. रुंद कागदावर, अख्खी, एकाच रांगेत.

तर मग बरोबर पद्धत काय? आधी टर्मिनलची रुंदी बदला. मग सिस्टिमला सांगा. युनिक्स किंवा लिनक्सवर त्यासाठी एसटीटीवाय ही कमांड आहे (टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत करायचं): एसटीटीवाय कॉलम्स 132. आणि एडिटर त्यानंतरच उघडा, म्हणजे तो नवा आकडा घेऊनच सुरू होईल. क्रम चुकवू नका. डेकच्याच व्हीएमएस सिस्टिमवरचा ईव्ह एडिटर याबाबतीत शहाणा होता. त्यात सेट विड्थ 132 म्हटलं की तो स्वतःच टर्मिनलला खूण पाठवायचा आणि स्वतःचा हिशोबही बदलायचा.

अजून एक घोटाळा बरेच जण करतात. विममध्ये टेक्स्टविड्थ नावाचं सेटिंग आहे, त्याचा पडद्याच्या रुंदीशी संबंध नाही. तुम्ही टाइप करताना ओळ त्या मर्यादेपुढे गेली की विम फाइलमध्ये खरोखर नवी ओळ घालतो. निबंध लिहिताना छान, पण सेटिंगच्या फाइलमध्ये ओळ मधेच तुटली की संपलं.

माझं विचाराल तर 132 फक्त लॉग वाचायला. तेवढ्याच काचेवर जास्त अक्षरं बसवायची म्हणून ती बारीक होतात, तासाभरात डोळे दुखतात. कोड मी अजूनही 80 च्या आसपासच ठेवतो.

हे सगळं फोनवर करून बघता येतं. टर्मक्स उघडा, एसटीटीवाय साइझ टाइप करा. दोन आकडे येतील, आधी ओळी, मग रुंदी. आता दोन बोटांनी झूम करून तीच कमांड पुन्हा द्या, आकडे बदललेले दिसतील. टर्मक्स नवा आकार सिस्टिमला कळवतं आणि सिस्टिम चालू प्रोग्रामला सिगविंच नावाचा इशारा देते. सिरियल केबलवर हा निरोप द्यायला कुणी नसतं, म्हणून तर माझा घोळ झाला. तसाच घोळ मुद्दाम करायचा असेल तर एसटीटीवायने रुंदी 132 सांगा आणि नॅनोमध्ये नवी फाइल उघडून एक लांब ओळ टाइप करा. पडदा विस्कटला की कीबोर्ड लपवून बघा. टर्मक्स खरा आकार परत कळवतं आणि सगळं जागच्या जागी येतं.