गिऱ्हाइकाचा शब्द

आमच्या चिरंजीवांनीं अर्जुनी मोरगावांत घरच्या तांदुळासाठीं संकेतस्थळ काढलें व शोधशब्द निवडण्याचें काम मजकडे दिलें. मीं हौसेनें अमरकोशांतील ‘व्रीहि’, ‘शालि’ सुचविले. (पंतोजीची खोड, दुसरें काय!) दोन महिने गिऱ्हाईक फिरकलें नाहीं. नुसतें ‘तांदूळ’ म्हणावें, तर मोठ्या पेढ्यांच्या गर्दींत आम्ही दिसावयाचे कसे? पानाच्या पोटांत शब्दांची गुप्त यादी घालावी, तर ती आपण जमेस धरीत नाहीं, असें गूगलनें २००९ सालींच जाहीर केलेलें. शेवटीं सूनबाईंनीं विचारलें, “मामंजी, दुकानांत येणारे काय मागतात?” ‘चिन्नोर’, ‘एचएमटी’, आणि पहिला प्रश्न, ‘जुना आहे ना?’ मग मथळाच केला: ‘जुना चिन्नोर तांदूळ, अर्जुनी मोरगाव’. लोक काय लिहून येतात, तें गूगलच्या ‘सर्च कन्सोल’मध्यें दिसतें, तेथें आतां हेच शब्द आहेत. परवां नागपुराहून दहा किलोंची मागणी आली.