विद्यार्थ्यांचे लघुपट आणि वेषाची भाषा

महाविद्यालयांतून चित्रपटकलेचे अभ्यासक्रम सुरू झाले, खिशात मावणाऱ्या दूरध्वनीवर चित्रण करता येऊ लागले आणि लघुपट काढणे ही मूठभरांची मिरास राहिली नाही. हे स्वागतार्हच आहे. परंतु विद्यार्थ्यांचे लघुपट पाहताना एक उणीव वारंवार जाणवते. कॅमेरा कोणता घ्यावा, संकलन कसे करावे यांवर रात्री जागविल्या जातात. पात्राच्या अंगावर काय असावे हा प्रश्न मात्र आदल्या संध्याकाळी, ‘घरचेच काही तरी घालून ये’ एवढ्या सूचनेवर निकालात निघतो. मग विचारवंत म्हटला की खादीचा झब्बा, शबनम पिशवी आणि जाड काड्यांचा चष्मा. शेतकरी म्हटला की मळका फेटा. झोपडपट्टीतील स्त्री म्हटली की कात्रीने फाडलेला पदर आणि गालाला काजळी. हा दोष केवळ तांत्रिक नव्हे. ज्या माणसांविषयी आपण बोलू पाहतो, त्यांच्याकडे आपण नीट पाहिलेलेच नाही, हे त्यातून उघड होते.

वस्तुतः तुटपुंज्या साधनांनिशी काम करणाऱ्याला वेषभूषेइतके स्वस्त आणि समर्थ साधन दुसरे नाही. दहा-पंधरा मिनिटांच्या लघुपटात पात्राचा पूर्वेतिहास सांगण्यास सवड नसते. तो वेषानेच सांगावा लागतो. चार्ली चॅप्लिनने १९१४ साली आपल्या भटक्याचे रूप सिद्ध केले, ते ढगळ विजार, अंगाला घट्ट बसणारा कोट, लहान टोपी आणि मोठे बूट अशा परस्परांशी न जुळणाऱ्या वस्तूंतून. त्या वेषात दारिद्र्य आहे, परंतु त्याहून अधिक आहे ती सभ्य गृहस्थ म्हणवून घेण्याची धडपड. पोट रिकामे असले तरी या माणसाला कोट हवा, टोपी हवी आणि हातात छडीही हवी! प्रेक्षक त्याच्याशी जोडला जातो तो या धडपडीमुळे.

वेष बदलणे ही कथेतील घटना कशी होऊ शकते, याचा धडा मुर्नाव या जर्मन दिग्दर्शकाच्या ‘द लास्ट लाफ’ या १९२४ सालच्या मूकपटात मिळतो. एका मोठ्या हॉटेलच्या दारावरील वृद्ध सेवकाला वयोमानामुळे प्रसाधनगृहात काम दिले जाते आणि त्याचा झगमगीत गणवेष काढून घेतला जातो. त्याला घरी जाताना शेजाऱ्यांना तोंड दाखविता यावे म्हणून तो गणवेष चोरावा लागतो. या चित्रपटात लिखित पाट्या जवळजवळ नाहीत. माणसाची प्रतिष्ठा आणि तिचा पोकळपणा दोन्ही त्या कोटानेच सांगितली आहेत.

आपल्याकडेही उदाहरणांची वाण नाही. कोल्हापुरात जन्मलेल्या भानू अथैया यांना ‘गांधी’ चित्रपटाच्या वेषभूषेबद्दल १९८३ साली जॉन मोलो यांच्यासमवेत ऑस्कर पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंतचा प्रवास वेषातून दाखविणे हे त्या चित्रपटाचे मोठे काम होते. १९२१ साली मदुराई येथे गांधीजींनी अंगावरचे कपडे कमी करून केवळ पंचा स्वीकारला, तो कोणापुढे कोणत्या रूपात उभे राहावयाचे याचा पूर्ण विचार करूनच. प्रत्येक माणूस, आपापल्या ऐपतीत, रोज सकाळी असाच एक लहानसा निर्णय घेत असतो. कलावंताने शोधावयाचा असतो तो हा निर्णय.

अलीकडच्या मराठी चित्रपटांनी ही जाण दाखविली आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) एका स्त्रीने बिनबाह्यांचा पोशाख केला आहे एवढ्यावरून न्यायाधीश तिचे प्रकरण ऐकण्यास नकार देतात. पुढे तेच न्यायाधीश, काळा झगा उतरवून सहलीला गेले असता, परिचिताला मुलाच्या अडचणीवर अंगठीचा उपाय सुचवितात. झग्याच्या आतील माणूस झगा उतरल्यावरच दिसतो. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तील (२०१३) जब्याला नवी जीन्स हवी असते. त्या एका इच्छेत जातीने लादलेली ओळख झुगारण्याची केवढी आकांक्षा आहे! मंजुळे यांनी विद्यार्थिदशेत केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, हे येथे मुद्दाम नमूद करावयास हवे. जब्याला केवळ फाटक्या कपड्यांत उभे केले असते, तर प्रेक्षकाला त्याची दया आली असती. त्याचे मन मात्र कळले नसते.

यावर कोणी म्हणेल की, खरी माणसे त्यांच्याच कपड्यांत टिपली म्हणजे झाले. हा युक्तिवाद वरवर पटण्याजोगा आहे. परंतु कॅमेरा येणार म्हटल्यावर गरिबातला गरीब माणूसही पेटीतला इस्त्रीचा सदरा काढतो. त्याला तो उतरवून मळका घालावयास सांगणारा दिग्दर्शक वास्तव टिपतो की स्वतःचा पूर्वग्रह? ज्याला स्वच्छ सदऱ्यात गरिबी दाखविता येत नाही, त्याने ती पाहिलेली नाही असेच म्हणावे लागेल.

तेव्हा चित्रपटकला शिकविणाऱ्या संस्थांनी काही साध्या गोष्टी अंगीकाराव्यात. पटकथेबरोबर प्रत्येक पात्राच्या वेषाचे टिपण मागावे. हा कपडा कोणी विकत घेतला, तो थोरल्या भावाचा उतरलेला आहे काय, कोठे रफू केले आहे, तो कोणाच्या भेटीसाठी घातला आहे, या प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्याला देता आली पाहिजेत. नवा कपडा कात्रीने फाडून जुना होत नाही; तो वारंवार धुवावा लागतो, कोपर, गुडघे आणि कॉलर या नेमक्या ठिकाणी घासून झिजवावा लागतो. एस.टी. स्थानकावर वा बाजारात वही घेऊन दोन तास बसल्यास जे शिकता येते, ते महागड्या भिंगातून शिकता येत नाही.

या कामाला पैसा जवळजवळ लागत नाही. माणसाविषयी आस्था मात्र लागते. आज जे विद्यार्थी आहेत तेच उद्या या समाजाचे चित्र पडद्यावर रेखाटणार आहेत. फाटका पदर म्हणजे गरिबी आणि वाढलेली दाढी म्हणजे दुष्टपणा हे समीकरण त्यांच्या मनात शिकतानाच पक्के झाले, तर उद्याच्या प्रेक्षकांच्याही मनात ते पक्के होईल. चित्रपटगृहाबाहेर माणसे पारखताना मग हेच माप वापरले जाते, आणि त्याची किंमत ज्यांच्या अंगावर तो पदर असतो त्यांना मोजावी लागते.